परतीची एसटी आणि शेजारचा जिल्हा : कोकणात राहून नोकरी कशी शोधावी

कोकणात नोकरीचा विषय निघाला की दोनच पर्याय मांडले जातात. गावात जे मिळेल ते करा, नाहीतर मुंबईची गाडी धरा. या दोन टोकांच्या मध्ये लोटे, महाड, कुडाळ, मोपा, गोकुळ शिरगाव, कराड अशी बरीच ठिकाणं आहेत, आणि नेमका तिथला शोध कुणी पद्धतशीर घेत नाही. तो कसा घ्यायचा हे पुढे दिलं आहे. आयटीआय, बारावी किंवा साधी पदवी असलेल्या आणि घर पूर्णपणे सोडायचं नसलेल्या माणसाला समोर ठेवून हे लिहिलं आहे.

आधी आकड्यांबद्दल थोडं. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे 16.97 लाख होती, 2011 मध्ये ती 16.15 लाखांवर आली. सिंधुदुर्गात 8.69 लाखांची 8.50 लाख झाली. 2011 मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया होत्या. कामाच्या वयाचे पुरुष बाहेर गेले याचा याहून सरळ पुरावा नको. बाहेर गेलेला माणूस बेरोजगारीच्या मोजणीत इथे येतच नाही, तो मुंबई-ठाण्यात मोजला जातो. मागे राहिलेल्यांचीही गंमत आहे. केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात चालू साप्ताहिक स्थितीनुसार आठवड्यात एक तास जरी काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो, आणि कंटाळून शोधणंच सोडलेला माणूस श्रमबलातून बाहेर पडतो. म्हणून ‘आपल्या जिल्ह्यात बेरोजगारी कमी आहे’ असं कुठे वाचलं तर त्याचा अर्थ इथे नोकऱ्या आहेत असा घेऊ नका. आणखी एक. लोट्यात एखादा कारखाना थंडावला की तिथली माणसं महाड आणि गाणे-खडपोलीच्या फाटकांवर जातात. शेजारच्या पट्ट्यात काय चाललंय यावर तुमच्या पट्ट्यातली गर्दी ठरते. त्यामुळे नजर एकाच ठिकाणी ठेवून भागत नाही.

नकाशा हद्दीने नको, वेळेने काढा

कागदावर आपलं गाव मध्यभागी ठेवा आणि तीन वर्तुळं काढा. पहिलं, रोज जाऊन-येऊन करता येईल असं : घरातून निघाल्यापासून फाटकापर्यंत एका बाजूने सव्वा तास. दुसरं, सोमवारी जायचं आणि शनिवारी परत यायचं असं : चार तासांपर्यंत. तिसरं, महिन्या-दोन महिन्यांनी घरी येण्याचं. किलोमीटर मोजू नका. कोकणात वीस किलोमीटरवरचं गाव खाडीपलीकडे असलं तर लांब पडतं आणि साठ किलोमीटरवरचं स्टेशन जवळ पडतं.

खाड्यांचा हिशोब तर बहुतेकजण विसरतात. गुहागर तालुक्यातल्या तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरलं की थेट रत्नागिरी तालुक्यात पोचता येतं आणि तिथे बंदर व वीजप्रकल्प आहे. रस्त्याने हाच प्रवास मोठा वळसा आहे. दाभोळ-धोपावे फेरी दापोली आणि गुहागर जोडते, वेसवी-बागमांडला फेरी मंडणगड आणि श्रीवर्धन. पण फेरीबोट रात्रभर चालत नाही. शेवटची फेरी किती वाजता आणि पावसाळ्यात ती कोणत्या वेळी बंद ठेवतात हे जेट्टीवर जाऊनच विचारा.

घाटमाथा हा दुसरा शेजारी. चिपळूणहून कुंभार्लीने कराड, साखरप्याहून आंब्याने कोल्हापूर, वैभववाडीहून करूळने गगनबावडा, कणकवलीहून फोंड्याने राधानगरी, सावंतवाडीहून आंबोलीने आजरा आणि बेळगाव. कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले वसाहतींत फाउंड्री आणि मशीन शॉपची कामं आहेत. टर्नर, मशिनिस्ट, मोल्डर, वेल्डर यांना किनाऱ्यापेक्षा तिथे जास्त वाव आहे. मात्र घाटावरची नोकरी पहिल्या वर्तुळात धरू नका. करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी 2024 मध्ये महिनोन् महिने बंद होता आणि पावसाळ्यात दरड कुठे येईल ते कुणी सांगू शकत नाही. घाटाखाली घर आणि घाटावर काम असेल तर जून ते सप्टेंबर वर खोली हवीच.

दक्षिणेला गोवा. बांदा, दोडामार्ग, सावंतवाडीकरांसाठी मोपाचा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, तुये, थिवी, डिचोली, पिळर्ण या औद्योगिक वसाहती आणि म्हापसा-पणजीची दुकानं, हॉटेलं, इस्पितळं हे खरं शेजारचं बाजारपेठेचं गाव आहे. ओरोसपेक्षा, म्हणजे आपल्याच जिल्ह्याच्या मुख्यालयापेक्षा, म्हापसा जवळचं वाटणारे अनेक आहेत, आणि त्यांचं चूक नाही.

पाळीची वेळ आणि परतीची गाडी

पहिल्या वर्तुळातली नोकरी टिकते की सुटते हे पगारावर कमी आणि परतीच्या गाडीवर जास्त ठरतं. बऱ्याच केमिकल कारखान्यांत पाळ्या सकाळी 7 ते 3, 3 ते 11 आणि रात्री 11 ते 7 अशा असतात. जाहिरात बघून माणूस जनरल शिफ्टचा विचार करतो, रुजू झाल्यावर दर आठवड्याला पाळी फिरते. रात्री अकराला सुटल्यावर वाडीपर्यंत एसटी नसते. मग मोटारसायकल, मग पावसात घसरणं, मग खाडे, मग नाव कमी. म्हणून मुलाखतीत हे तीन प्रश्न विचारायचेच : पाळी फिरती आहे का, कंपनीची बस आहे का, आणि ती कोणत्या थांब्यापर्यंत सोडते. लोटे-परशुराम खेड आणि चिपळूण यांच्या मध्ये महामार्गावर असल्याने दोन्हीकडून बस मिळण्याची शक्यता असते. पण बस हायवेवर सोडते. हायवे ते घर हे अंतर तुमचं, त्याची सोय आधी बघा.

एसटीचा मासिक पास काढला तर 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास करता येतो, तीन महिन्यांचा पास 50 दिवसांच्या भाड्यात. आठवड्याला सहा दिवस काम असेल तर पास परवडतोच. पाळी फिरती असून एका वेळेला गाडीच नसेल तर हिशोब वेगळा. महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंत. गोव्यात शिरल्यावरच्या टप्प्याला पूर्ण भाडं पडतं. रोज पणजीला जाणाऱ्या मुलीने हे धरूनच खर्च मांडावा.

कोकण रेल्वेचा मोह सगळ्यांना होतो. पण ही मुंबईची लोकल नव्हे. पॅसेंजर मोजक्या, एकेरी मार्गावर क्रॉसिंगला थांबणाऱ्या. पावसाळी वेळापत्रकात वेग आणखी कमी होतो. दिवा-सावंतवाडी किंवा रत्नागिरी-मडगाव पॅसेंजर तुमच्या वेळेला जुळते की नाही हे वेळापत्रकात बघून थांबू नका. आठवडाभर रोज ती प्रत्यक्षात किती वाजता येते ते चालू स्थितीच्या अॅपवर बघून लिहून ठेवा. अर्ध्या तासाचा उशीर आठवड्यातून तीनदा होत असेल तर त्या गाडीच्या भरवशावर हजेरी लागणार नाही.

हातात किती आणि उरतं किती

‘वीस हजारांची नोकरी’ म्हणजे काय ते आधी उलगडून घ्या. समजा एकूण पगार 18,000 आहे, त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता 12,000. तुमच्या पगारातून पीएफचे 12 टक्के म्हणजे 1,440 जातील, ईएसआयसीचे (कर्मचारी राज्य विमा) 0.75 टक्के म्हणजे 135, आणि महाराष्ट्रात पुरुषांना व्यवसाय कर 200. (महिलांना 25,000 पर्यंत तो माफ आहे.) हातात 16,225. मालकाच्या वाट्याचे पीएफ 1,440 आणि ईएसआयसी 585 मिळवले की कागदावर 20,025 होतात आणि एजंट तोच आकडा सांगतो. म्हणून प्रश्न एकच : ‘सगळं कापून खात्यात किती येणार?’

आता दोन जागांची तुलना. खेड तालुक्यातल्या मुलाला लोट्यात हातात 14,500 मिळतात. येण्या-जाण्याचे 1,500 आणि बाहेरच्या चहा-नाश्त्याचे 1,000 वजा जाता उरले 12,000. नवी मुंबईजवळच्या तळोज्यात हातात 20,000. खोलीतला वाटा 3,500, मेस 3,500, तिथला प्रवास 800, किरकोळ 1,000, महिन्यातून दोनदा घरी येण्या-जाण्याचे 1,200. खर्च 10,000, उरले 10,000. म्हणजे तळोजा लोट्याच्या बरोबरीला यायला हातात निदान 22,000 हवेत. हे आकडे नमुन्याचे आहेत, आपापले घाला. पण गणित असंच मांडा आणि ‘घर सोडायचं तर किमान इतके’ हा आपला आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. हा आकडा आधी ठरवला नाही की माणूस समोरच्याच्या तोंडून निघालेल्या पहिल्या रकमेला हो म्हणतो.

पहिल्या महिन्याचं वेगळं. डिपॉझिटचा वाटा, आगाऊ भाडं, मेसचे आगाऊ पैसे. पगार पुढच्या महिन्याच्या सात-दहा तारखेला. साधारण चाळीस दिवस खिशातून काढावे लागतात. गाठीला 20,000 नसतील तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्तुळात उडी घेऊ नका. पंधरा दिवसांत उसनवारी करून परत आलेले खूप असतात, आणि त्यांना वाटतं आपल्याला काम जमलं नाही.

नावनोंदणी कुठे कुठे

राज्य सरकारच्या महास्वयं या रोजगार पोर्टलवर आधार आणि मोबाईलवर नोंदणी होते. नोंदणी करून बहुतेकजण विसरतात, त्यामुळे ‘त्याचा काही उपयोग नाही’ असं पसरलं आहे. उपयोग दोन ठिकाणी नक्की होतो. एक, जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राच्या रोजगार मेळाव्यांना. दोन, कोकण रेल्वेच्या बऱ्याच भरती जाहिरातींत जमीन गेलेल्यांना पहिलं प्राधान्य असतं, त्यानंतर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटकातल्या, रेल्वेमार्गावरच्या रोजगार विनिमय केंद्रात नाव असलेल्यांचा विचार होतो. जाहिरात निघाल्यावर नोंदणीसाठी धावपळ करण्यापेक्षा नोंदणीचं कार्ड आधीच छापून ठेवा. नवीन ट्रेड किंवा पदवी झाली की माहिती बदला. पोर्टलवर शोधताना आपल्या जिल्ह्यावर थांबू नका. रायगड, ठाणे, कोल्हापूर, सातारा हेही जिल्हे निवडून बघा, कारण मेळावे त्या जिल्ह्यांतही भरतात. केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल गोव्यातल्या जागांसाठी कामाला येतं.

आयटीआय झाल्यावर लगेच कायम नोकरीमागे लागण्यापेक्षा शिकाऊ उमेदवारी घ्या. 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. जिल्ह्याबाहेरही अर्ज करता येतो. लोटे, महाड, रोहा-धाटाव या केमिकल पट्ट्यात अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट आणि इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक हे ट्रेड चालतात. फिटर सगळीकडे चालतो, म्हणूनच तिथे रांगही मोठी. वैद्यकीय तपासणीत रंग ओळखता येतात का ते बघतात, त्यात अडकायचं नसेल तर आधीच तपासून घ्या.

‘स्थानिकांना 80 टक्के’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. राज्याच्या धोरणात स्थानिक म्हणजे महाराष्ट्राचा पंधरा वर्षांचा रहिवासी. तालुक्याचा किंवा गावचा नव्हे. म्हणजे कारखाना तुमच्या वाडीशेजारी असला म्हणून कायद्याने तुमचा नंबर पहिला लागत नाही, पण त्याच न्यायाने रत्नागिरीकर महाडमध्येही स्थानिकच असतो. वय-अधिवास दाखला काढून ठेवा. पोलीस भरतीत एका पदासाठी एकाच घटकात अर्ज करायचा असतो. दोन जिल्ह्यांत भरून बघू, असं केलं तर उमेदवारी बाद होते.

गोव्यात सरकारी नोकरीचा नाद सोडा. तिथे पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आणि कोंकणी लागते. खाजगी क्षेत्र मात्र मोकळं आहे. औषध कारखान्यांना केमिस्ट्री झालेले आणि बी.फार्म. लागतात, विमानतळाला लोडर, हाउसकीपिंग, सुरक्षा आणि ड्रायव्हर. मालवणी बोलणाऱ्याला कोंकणी दोन महिन्यांत सरावाची होते. हॉटेलात मात्र इंग्रजीची कामचलाऊ वाक्यं लागतात, त्याला पर्याय नाही. तिथल्या जागा ‘तरुण भारत’च्या गोवा आवृत्तीतल्या छोट्या जाहिरातींत अजूनही निघतात.

फाटकावर काय करायचं

नुसता बायोडेटा सुरक्षारक्षकाकडे देऊन आलात तर तो रजिस्टरखाली राहतो. कारखान्यात बरीच भरती कॉन्ट्रॅक्टरमार्फत होते, तेव्हा प्रश्न ‘जागा आहे का’ असा नको, ‘आत लेबर कुणाकुणाचं आहे’ असा हवा. पाळी सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेरच्या टपरीवर अर्धा तास थांबलात तर दोन-तीन कॉन्ट्रॅक्टरांची नावं, त्यांची ऑफिसं आणि कोण पगार वेळेवर देतो हे कळतं. मग सकाळी दहा ते बारात त्यांच्या ऑफिसात. सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी ते हजेरीच्या गोंधळात असतात.

कॉन्ट्रॅक्टर खरा की नाही हे घरी बसून तपासता येतं. ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ संघटनेच्या, संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. नाव टाकलं की त्या आस्थापनेने कोणत्या महिन्यात किती माणसांचा पीएफ भरला ते दिसतं. दोनशे माणसं असल्याची बढाई मारणाऱ्याने अठरा जणांचा भरला असेल तर उरलेल्यांत तुम्ही असाल.

वार्षिक शटडाऊन ही आत शिरण्याची सगळ्यात सोपी वाट आहे, आणि ती फार कमीजण वापरतात. केमिकल आणि वीजप्रकल्प देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवतात, तेव्हा फिटर, वेल्डर, रिगर (जड यंत्रं उचलून हलवणारे), मदतनीस रोजंदारीवर लागतात. काम धुवाधार, दिवस थोडे. पण सुपरवायझर तुम्हाला काम करताना बघतो.

वर्षाचं चक्रही लक्षात घ्या. गोव्याचा पर्यटन हंगाम ऑक्टोबरला उघडतो, हॉटेलं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये माणसं घेतात. घाटावर साखर हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद, खलाशी जुलैअखेर ठरतात. आंब्याचं पॅकिंग मार्च ते मे. आणि गणपती. गणपतीला न सांगता घरी आलेले आणि परत न गेलेले यांच्या जागा नंतरच्या पंधरवड्यात रिकाम्या होतात. मूर्ती विसर्जन झाल्यावर चौथ्या दिवशी फाटकावर असावं. त्याच कारणाने बाहेरचे मालक कोकणी मुलाला ‘गणपती-शिमग्याला पळणारा’ म्हणून बिचकतात. मुलाखतीतच सांगून टाका : गणपतीला पाच दिवस हवेत, त्याबदल्यात दिवाळीला काम करीन. हे आधी ठरलेलं बरं.

कागद आणि फसवणूक

दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, आधार आणि पॅन अक्षरशः जुळलं पाहिजे. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींचा पीएफ इथेच अडकतो. पाच झेरॉक्स संच, आठ फोटो, बँक पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला, आयटीआय प्रमाणपत्र, आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला. हा दाखला ऑनलाइन अर्जाने मिळतो, पण दिवस लागतात. विमानतळ आणि सुरक्षा कामासाठी आधीच टाका.

मोपा आणि नवी मुंबई या विमानतळांच्या नावाने ‘ग्राउंड स्टाफ, 35,000, गणवेशाचे 2,500 भरा’ असे मेसेज फिरतात. नोकरी देणारा पैसे मागत नाही. गणवेश, ट्रेनिंग, गेटपास, मेडिकल, कशाच्याही नावाने आधी पैसे मागितले की विषय संपला. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. आखाताचं काम असेल तर एजंट केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का बघा. त्याला सेवाशुल्क जास्तीत जास्त 30,000 अधिक जीएसटी एवढंच घेता येतं. खेड-चिपळूणकडे लाख-लाख मोजून गेलेले आहेत, आणि रक्कम मोठी असली की व्हिसा खरा असेल असा समज आहे. तो खोटा आहे.

रुजू होताना नियुक्तीपत्र मागा. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या श्रम संहितांनुसार ते देणं बंधनकारक आहे. पहिली नोकरी सोडून शेजारच्या जिल्ह्यात गेलात तर जुनाच यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) आणि जुनाच ईएसआयसी क्रमांक द्या. नवा कॉन्ट्रॅक्टर घाईत नवा यूएएन काढतो आणि मग दोन खाती जुळवायला वर्ष जातं. जुन्याने सोडल्याची तारीख भरली नसेल तर शेवटचा पीएफ जमा झाल्यावर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतःला पोर्टलवर भरता येते. मोबाईल नंबर मात्र आधारला जोडलेला असावा, आणि तो गावी आईकडे ठेवून आलेल्या फोनमध्ये नसावा.